शेवटचं शीड

“काप,” कप्तान निक्शा म्हणाला.

बाल्डोनं हातातली कात्री हलवली नाही. माळ्यावर ‘स्वेता आना’चं मोठं शीड पसरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच शिवलेलं.

“जहाज विकलं म्हणून शीडही फाडायचं?”

“जहाज कुठं राहिलंय आता? त्रिएस्त बंदरात डोलकाठ्या तोडल्या त्याच्या. आगबोटींसाठी कोळसा साठवतात त्यात.” कप्तान खिडकीकडे तोंड करून बोलत होता. “निम्मं गाव दक्षिण अमेरिकेला चाललंय. पिशव्या लागतायत लोकांना. कापड कुजवायचं कशाला, बाल्डो?”

एके काळी या ओरेबिच गावाची जहाजं ओडेसाचा गहू पार इंग्लंडात नेऊन उतरवत. तेव्हा या माळ्यावर सहा माणसं शिवायला बसत. ‘स्वेता आना’ गावाचं शेवटचं जहाज.

पहिली पिशवी बाल्डोनं मुलीसाठी, मारुशासाठी शिवली. तिचा नवरा याच जहाजावर खलाशी होता. आता तो चिलीतल्या खाणीत खडक फोडत होता.

“किती टाके घालताय, बाबा? मला काय वादळात शीड उभारायचंय?”

“लांबचा समुद्र आहे.”

“महिन्याभराचा तर आहे.” ती जवळ बसली. “तुम्हीही चला ना. इथं कोण आहे तुमचं?”

“तिथं मी काय शिवू?”

“शिवाल काहीतरी,” मारुशा म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

गुरुवारी दुपारी धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर त्याच शिडाची पिशवी होती.

“पत्र टाकीन,” मारुशा म्हणाली.

“मला कुठं वाचता येतं?”

“कप्तानकाका दाखवतील की वाचून.”

कप्तान पुढच्या महिन्यात मुलाकडे त्रिएस्तला जाणार होता, कायमचा. बाल्डो ते बोलला नाही. “हो, दाखवेल,” म्हणाला आणि तिच्या पिशवीची दोरी उगाच पुन्हा आवळली.

आगबोटीनं भोंगा दिला. सवयीनं बाल्डोनं गाल वाऱ्याकडे वळवला. वारा थेट समोरून होता, जोराचा. शिडाच्या जहाजांच्या काळात अशा वाऱ्यात कोणी नांगर उचलत नसे. माणसं घरी परतत, आणखी एक रात्र जेवायला बसत.

आगबोट सरळ वाऱ्यात घुसली. थोड्या वेळानं नुसता धूर दिसत होता, तोही वाऱ्यानं गावावर आणून टाकला.