टाकीतला मका

भावोजींना शेती संशोधन केंद्राचं प्रमुख केलं, त्याच दिवशी धाकटीने मनातल्या मनात केंद्राला श्रद्धांजली वाहिली होती. घरी ते ताईचे नवरे, ऑफिसात हिचे साहेब. अक्कल दोन्हीकडे तेवढीच.

केंद्राच्या मक्याच्या शेतात जमिनीत पुरलेली एक मोठी टाकी होती. टाकीत माती, मातीत मका आणि खाली वजनकाटा. वजन जेवढं घटेल तेवढं पाणी पिकाने प्यायलं, असा सरळ हिशोब. त्या आकड्यावर कालव्याचं पाणी वाटलं जाई. अट एकच: टाकीतला मका भोवतालच्या मक्यासारखाच हवा.

पाहुणे येणार म्हणून भावोजींनी टाकीतल्या मक्याला भरमसाट खत घातलं आणि भोवतालचा मका गुडघ्याएवढा छाटून टाकला.

"सर, उघड्या वाऱ्यात एकटा उभा राहिला की मका जास्त पाणी ओढतो," धाकटी म्हणाली. "आकडा फुगेल. वरच्या शेतांना नको तेवढं पाणी जाईल, कालव्याच्या टोकाला थेंब पोचणार नाही. आणि टोकाला ताईची रोपवाटिका आहे."

"टाकी फोटोत उठून दिसायला नको? आणि तुझ्या ताईच्या कुंड्यांसाठी मी विज्ञान बदलू?"

विज्ञान म्हणे. घरातला गळका नळ लग्नापासून 'बघतो, बघतो' करणारा हा माणूस पिकाची तहान मोजायला बसला होता. धाकटीने आक्षेप लिहून दिला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

फोटो झकास आले. फुगलेला आकडा भावोजींच्या सहीने कालव्याच्या कार्यालयात गेला. उन्हं तापली तशी वरच्या शेतांत पाणी तुंबलं आणि टोकाला कालव्याचा तळ भेगाळला. ताईने बोटाएवढी असल्यापासून जपलेली रोपं ओळीच्या ओळी करपली.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली.

"कालव्याचे लोक एक नंबरचे चोर," भावोजी गरजले. "उद्याच त्यांना धारेवर धरतो."

ताईने धाकटीकडे पाहिलं. "पाणी कुणाच्या आकड्यावर सोडलं गं?"

"भावोजींच्या. मी सांगितलं होतं त्यांना."

भावोजींना ठसका लागला. धाकटीला त्यांची कीवसुद्धा आली नाही. ताईने त्यांच्यापुढचा पाण्याचा जग उचलला, खिडकीत जगलेल्या एकुलत्या एका रोपाला ओतला आणि रिकामा जग पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"अगं, मग मी काय पिऊ?"

"मक्याकडे मागा," ताई म्हणाली. "माझ्या वाट्याचं सगळं त्यालाच पाजलंय तुम्ही."