ओल्या मक्याचं वर्ष

माझं पोट दुखत होतं, आणि ते खाण्यापिण्यामुळे नव्हे, हे आधीच कबूल करते. तीस वर्षं मी धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसले. जिल्ह्यातला मका माझ्या डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय कुठे गेला नाही. आणि जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास लिहायला ग्रंथालयाने बोलावलं कुणाला? माझ्या धाकट्या जावेला! चपलेला चिखल लागेल म्हणून जी बांधावरूनच मागे फिरते, ती लिहिणार शेतीवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

ती शाळेत इतिहास शिकवते. बोलणं गोड, अक्षर त्याहून गोड. "आमच्या धाकटीचं पुस्तक येतंय," हे सासूबाईंनी दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. मी निवृत्त झाले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं झालं, आता सकाळची भाजी तू चिरत जा."

पुस्तकाला आकडे कुठून आले? माझ्याच वह्यांतून. गोदामात कॉम्प्युटर आला तेव्हा त्या रद्दीत निघाल्या होत्या, मी भांडून घरी आणल्या. वर्षभर धाकटी एकेक वही मागून न्यायची आणि परत देताना नवं कव्हर घालून द्यायची. त्या कव्हराचाही मला राग यायचा.

एका दुपारी ती छापण्याआधीची पानं घेऊन आली. "ताई, आकडे तेवढे बघाल? त्यातलं मला खरंच कळत नाही."

वाचायला बसले. आधी नुसती कुरणं होती, मेंढ्या होत्या, लोकरीवर गावं जगायची. मग स्टार्चचा कारखाना आला आणि जो तो मका पेरू लागला. इतकं छान लिहिलं होतं मेलीने, की अंगाचा तिळपापड झाला. चौथ्या भागाला नाव होतं 'सुवर्णवर्ष'. आकडा बघितला आणि मी ताठ बसले.

माझ्या वहीत दोन रकाने असायचे. डावीकडे गाडी आली तेव्हाचं वजन, उजवीकडे मका वाळवून, चाळून उरलेलं. पीक म्हणजे उजवा रकाना, हे गोदामातल्या झाडूवालीलाही ठाऊक. त्या वर्षी ऐन कापणीत पंधरा दिवस पाऊस लागून राहिला. गाड्यांतून पाणी गळत होतं, कणसांना मोड आले होते. डावीकडे वजन कधी नव्हे एवढं, आणि उजवीकडे त्याच्या निम्मंही नाही. धाकटीने नेमका डावा रकाना उचलला होता. ज्या वर्षी घरोघरची माणसं काम शोधत जिल्ह्याबाहेर गेली, ते हिचं सुवर्णवर्ष!

सवयीने मी आकड्याखाली पेन्सिलीची रेघ मारली. मग मनात आलं, कशाला सांगायचं? होऊ दे की चारचौघांत शोभा. रबराने रेघ पुसली आणि मिठाची गुळणी धरली.

"बघितले सगळे," पानं परत देताना म्हटलं. "ठीक आहेत." तिने माझे दोन्ही हात धरले.

प्रकाशनाला ग्रंथालयाचा हॉल भरला होता. धाकटीने सुवर्णवर्षाचंच पान वाचायला घेतलं. पुढच्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी उठले. आवाजामुळे गोदामात त्यांना सगळे भोंगा म्हणत, पण आज ते अगदी हळू बोलले. "बाई, त्याच वर्षी माझा थोरला काम शोधायला गेला. अजून आला नाही. कुणाचं हो हे सुवर्णवर्ष?"

याच क्षणाची मी दोन महिने वाट बघत होते. धाकटी पांढरीफटक पडली. आता माझ्याकडे बोट दाखवेल, म्हणून मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि खाली बसली.

बाहेर आल्यावर मीच विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमचं कशाला?" तिने डोळे पुसले. "त्या आकड्याची मला शंका होतीच, ताई. पण तुम्ही रेघ मारून पुसलेली दिसली. म्हटलं, ताईंनाही शंका आली असेल, वही काढून पडताळलं असेल, मगच पुसलं असेल. मीच काहीतरी चुकीचं उतरवून तुम्हाला फसवलं." मग म्हणाली, "आजोबांकडे माझ्याबरोबर याल? माझ्यावर आता कुणाचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी त्या वर्षाची वही घेऊन आम्ही गेलो. भोंगा अंगणात खाटेवर बसले होते. मी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं आणि मान हलवली.

"काट्यावर तुम्ही कधी कुणाचं पावशेर इकडचं तिकडे केलं नाहीत," ते मला म्हणाले. "तुम्ही घरात असताना हे झालंच कसं?"

"आजोबा, ताईंचा यात काही—" धाकटी लगबगीने म्हणाली.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं. "दिसलं, म्हणूनच रेघ मारली. हिची फजिती व्हावी म्हणून पुसली."

धाकटीने माझ्या हातातली वही काढून घेतली, मिटली, छातीशी धरली आणि एकटीच फाटकाकडे चालू लागली.