दोराचं दुसरं टोक

शहागडच्या घाटावर गेल्या वर्षी दोघं बुडाले, तेव्हा पुण्याच्या एका संस्थेनं गावाला बचावसंच पाठवला. पाण्यावर तरंगणारा लाल फोमचा लांबट ठोकळा, खांद्यात अडकवायचा पट्टा आणि पट्ट्याला दीडशे मीटर दोर. हा सगळा ऐवज समुद्रकिनाऱ्यासाठी बनवलेला. सोबतच्या पत्रकात ‘भरतीच्या लाटा ओलांडून पुढे जावे’ असं छापलं होतं. गोदावरीला भरती येत नाही, हे संस्थेला कोणीच कळवलं नाही. कळवलं तर संच परत मागतील, अशी गावाला शंका होती.

अंगद आठ दिवस कोकणात जाऊन शिकून आला. पद्धत सोपी होती. एकानं पट्टा घालून पोहत जायचं, बुडणाऱ्याच्या हातात ठोकळा द्यायचा आणि हात वर करायचा. काठावरच्यानं दोर ओढायचा.

अडचण काठावरच्याची होती.

सरपंच उषाबाईंनी कडूबाचं नाव सुचवलं. त्याचं चहाचं दुकान घाटाला लागून, माणूस दिवसभर हजर, अंगानं दणकट. फक्त तो अंगदचा सख्खा चुलता होता, आणि बांध कोरल्यावरून दोघांची अंबडच्या कोर्टात सहा वर्षं तारीख चालू होती.

“माझा जीव ह्यांच्या हातात?” अंगद म्हणाला. “त्यापेक्षा दोर दगडाला बांधा. दगडानं माझ्यावर केस न्हाई केली.”

“मला तरी कुठं हौस आली?” कडूबा म्हणाला. “ह्यो मुद्दाम बुडंल आन् नाव माझं घेईल.”

“बुडाल्यावर नाव कसं घेईन, आप्पा?”

“तू घेशील. तुझा बाप बी असाच होता.”

दिवसभर घाटावर बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून ठरलं. अंगद रोज येऊन पायरीवर बसू लागला. चहा मात्र हायवे ओलांडून पलीकडे प्यायचा. कडूबाच्या पातेल्यात काय पडेल, सांगता येत नाही.

भाद्रपदात वरच्या धरणातून पाणी सोडलं. सकाळी सूरज नावाचा ट्रक ड्रायव्हर डोक्याला साबण लावून पाण्यात उतरला, डोळे मिटून एक पायरी जास्त उतरला आणि धारेला लागला.

अंगदनं पट्टा चढवला. वळून पाहिलं, तर दोर कडूबाच्या हातात.

“सोडणार न्हाई ना?”

“तू आधी जा, मंग कळंल!”

याला वचन म्हणावं की धमकी, हे ठरवायला वेळ नव्हता. अंगदनं उडी मारली.

इकडे कडूबानं दोराचं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळून तीन गाठी मारल्या. पंक्चरवाला इजहार धावत आला. “आप्पा, कमरेला बिलकुल बांधू नका, कागदात लिहिलंय!”

“हातातून निसटला तर गाव म्हणंल, मुद्दाम सोडला. आता कोण म्हणतो बघू.”

अंगदनं सूरजला गाठलं, ठोकळा त्याच्या छातीखाली दिला आणि हात वर केला. त्याच क्षणी दोर ताणला गेला आणि कडूबा दोन पायऱ्या खाली घसरला. मग गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत पाण्यात. आपल्याला पोहता येत नाही, हे त्यानं चाळीस वर्षं घाटावर बसून कोणाला कळू दिलं नव्हतं. ते आता त्याच्या ओरडण्यावरून सगळ्यांना कळलं.

इजहारनं त्याला मागून मिठी मारली. चहाला आलेल्यांनी इजहारला धरलं. कडूबा बोंबलत होता, पण दोन्ही हातांनी दोर ओढत होता. थोड्या वेळानं सूरज पायरीवर पालथा पडून पाणी ओकू लागला, आणि धापा टाकत अंगद वर आला.

कडूबा पायरीवर बसला होता. दोर पोटात रुतलेला, गाठी भिजून आवळलेल्या. श्वास अडकत होता. इजहारनं दुकानातून ट्यूब कापायची सुरी आणली. सुरी अंगदनं घेतली.

“तू नको,” कडूबा म्हणाला.

“मंग बसा असेच.”

कडूबानं अंगदचं मनगट घट्ट पकडलं. “काप. हळू.”

दोर तुटला. कडूबानं मोठा श्वास घेतला.

“आता हात सोडा की, आप्पा.”

“आधी सुरी ठेव.”

अंगदनं सुरी पायरीवर ठेवली. कडूबानं मनगट तरीही सोडलं नाही. त्याला उठून उभं राहता येत नव्हतं.