ट्यूबा कुणाला ऐकू येतो?

मी एक जुना ट्यूबा आहे. पितळेचा, ढेरपोट्या आणि खरं सांगायचं तर थोडा भांडखोर. मित्रांनो, मला नुसतं हातात धरत नाहीत, अंगात घालतात. माझी नळी वाजवणाऱ्याला वेढा घालून खांद्यावर चढते आणि त्याच्या डोक्यावर माझं परातीएवढं तोंड उघडतं. बँड वाजू लागला की लोक ट्रम्पेटचं कौतुक करतात, क्लॅरिनेटला माना डोलावतात. मी आपला मागच्या रांगेत. मला एवढंच विचारतात, "जड असेल ना हो?"

माझा जन्म शहरातल्या कारखान्यात झाला. तिथली फक्त ठोकाठोक आठवते. मी खरा वाढलो तो मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात, सांता लुसिया गावात, कातारिनो आजोबांच्या खांद्यावर. आमच्या गावात बँडशिवाय पान हलत नाही. बारसं असो, लग्न असो, नाहीतर मयत असो, आम्ही हजर. आजोबा मला दर रविवारी लिंबू आणि राखेनं घासायचे आणि म्हणायचे, "गड्या, बाकीचे गातात ते गाऊ देत. आपण जमीन धरायची." काय दिवस होते ते!

आजोबा गेले आणि माझे वाईट दिवस आले. मला परसातल्या खोपटात टाकलं. अंगावर हिरवा गंज चढला. पुढे एका कोंबडीने माझ्या तोंडात संसार थाटला. रोज सकाळी अंडं घालून ती असा काही गलका करायची, की बँड माझा नसून तिचाच आहे. मी मुकाट्याने सोसलं. करतो काय?

त्या कोंबडीला हुसकावलं मिकाएलाने, आजोबांच्या धाकट्या नातीने. सगळे तिला मिका म्हणतात. तिने मला न्हाणीत बसवून धुतलं, माझ्या अडकलेल्या कळांना तेल दिलं. अंगात घातल्यावर तिचे फक्त गुडघे आणि डोळे दिसायचे. बँडचे एर्मिलो मास्तर पोट धरून हसले, पण शिकवायला लागले. पहिले कित्येक दिवस माझ्यातून म्हशीच्या रेकण्यासारखे आवाज निघाले. मग एके दिवशी तिचा 'बूम' असा लागला, की मला आजोबाच आठवले.

अशातच मिकाच्या थोरल्या बहिणीचं, रोसाल्बाचं, पंधरावं आलं. मुलगी पंधरा वर्षांची होणं म्हणजे आमच्याकडे घरचं लग्नच समजा. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. रोसाल्बाचा मुकुट, रोसाल्बाचा केक, रोसाल्बाचा गुलाबी झगा. तो झगा एवढा फुगलेला, की ठेवायला जागा मिळेना. शेवटी मिकाच्या खाटेवर तो झोपला आणि मिका खाली चटईवर, माझ्या शेजारी. तिचा दात दुखतोय हे त्या घरात दोन दिवस मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मिकाला एकच हवं होतं. ताईच्या वॉल्ट्झ नाचाला तिला ट्यूबा वाजवायचा होता. मास्तरांनी तीच धून तिला शिकवली होती. रोज संध्याकाळी पुढच्या अंगणात रोसाल्बा आणि तिचे सवंगडी फोनवर गाणं लावून नाचाचा सराव करायचे आणि भिंतीपलीकडे परसात आम्ही दोघं बूम-पा-पा, बूम-पा-पा. रोसाल्बा ओरडायची, "आई, त्या हत्तीला गप्प कर ना!" फोनचा आवाज तो केवढा! पाय कुणाचं ऐकत होते ते मला कळत होतं. पण मला विचारतो कोण?

सोहळ्याच्या आदल्या दिवशी ग्रिसेल्दाबाईंनी, म्हणजे मुलींच्या आईने, निकाल दिला. मिकाने जांभळा फ्रॉक घालायचा आणि ताईचे उंच टाचांचे बूट ठेवलेली उशी धरायची. ट्यूबावाला शेजारच्या गावातून येईल.

"पण आई, मी वाजवणार होते," मिका म्हणाली.

"गळ्यात ते धूड घालून फोटोत उभी राहणार? एक दिवस ताईचा आहे, तर तेवढंही सोसवेना? आणि ट्यूबा कुणाला ऐकू येतो गं?"

रात्री मिका माझ्या तोंडात डोकं घालून रडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधला आशीर्वाद झाला, मांडवात मोलेचा झणझणीत रस्सा आणि मक्याच्या तमालची जेवणं झाली. मिकाने हट्टाने मला बँडच्या गाडीत घालून आणलं होतं. मांडवात तिची खुर्ची कुणा पाहुण्याला दिली होती. ती बारक्या पोरांत जाऊन बसली. आणि शेजारच्या गावचा ट्यूबावाला? त्यांच्याच देवाची जत्रा निघाली. तो आलाच नाही. चालवून घेऊ, म्हणाले मास्तर.

मिकाने उशी पुढे केली. वडिलांनी रीतीप्रमाणे गुडघा टेकून रोसाल्बाचे सपाट बूट काढले, टाचांचे घातले. टाळ्या पडल्या. वॉल्ट्झ सुरू झाला.

आणि सगळाच बोजवारा! वडील डावीकडे, लेक उजवीकडे. सवंगडी एकमेकांवर आदळले, एकाने झग्यावर पाय दिला, मुकुट कानावर आला. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मांडवात कुजबुज सुरू झाली. ग्रिसेल्दाबाईंचा चेहरा उतरला.

रोसाल्बाने हात वर केला. बँड थांबला.

"मिका कुठंय?"

मिका जागची हलली नाही. तेव्हा रोसाल्बाच झगा दोन्ही हातांनी उचलून, नव्या टाचांवर झोकांड्या खात, पार पोरांच्या बाकापर्यंत गेली.

"मिका, पहिलं पाऊल कधी टाकायचं तेच कळत नाहीये गं मला. रोज तुला गप्प बस म्हणाले आणि रोज तुझ्याच बूमवर नाचले. तुझ्याशिवाय नाही जमत."

"अगं, फ्रॉक चुरगळेल तिचा," आई मागून म्हणाली.

"चुरगळू दे, आई."

मिकाने नाक पुसलं. "मी मागे नाही बसणार."

"मग कुठे?"

"मध्ये."

आणि मित्रांनो, या जुन्या ट्यूबाला जन्मात पहिल्यांदा मांडवाच्या मधोमध जागा मिळाली. जांभळ्या फ्रॉकवर मी, माझ्याखाली मिकाचे गुडघे. तिने श्वास भरला. बूम! सगळी पावलं एकदम पडली. पा-पा, बूम! झगा आमच्याभोवती गरगरला, सवंगडी फिरले, म्हातारेकोतारे खुर्च्या सोडून उठले. आजोबा म्हणायचे तशी जमीन त्या दिवशी आम्ही दोघांनी धरली. मी इतका गर्जलो, की त्या कोंबडीनेही घरी ऐकलं असेल.

शेवटी थोरलीने आपली बालपणाची शेवटची बाहुली धाकटीला द्यायची रीत असते. मिकाचे दोन्ही हात माझ्यात गुंतलेले. रोसाल्बाने बाहुली सरळ माझ्या तोंडात कोंबली. माझा सूर घशात अडकला, सगळा मांडव हसला आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला.

आता तो फोटो बैठकीच्या भिंतीवर आहे. मधोमध माझं बाहुली भरलेलं तोंड, एका बाजूला रोसाल्बा. ग्रिसेल्दाबाई माझ्यामागे पूर्ण झाकल्या गेल्या आहेत. मी मात्र आता खोपटात नाही, बैठकीत असतो. दर रविवारी लिंबू आणि राख घेऊन त्याच बसतात. एवढ्या दणदणीत समारंभाच्या फोटोत तुम्ही कुठे, असं कुणी विचारलं, की म्हणतात, "मी ट्यूबाच्या मागे आहे. दिसत नाही, पण आहे."

मित्रांनो, मला घासत राहा, माझ्या कळांना तेल द्या, एवढंच मागणं होतं माझं. आता आणखी एक आहे. तुमच्या घरी मोठा सोहळा असेल, तेव्हा नाच सुरू होण्याआधी एकदा बारक्या पोरांच्या बाकापर्यंत चालत जा.