नागम्माकाकूंची घागर

त्या दुष्काळात आमच्या गावात टँकर आठ दिवसांनी यायचा. बायका आदल्या संध्याकाळीच पारापासून घागरींची रांग लावून घरी जायच्या. घागर जागची हलली की पाळी गेली. फार भांडणं झाल्यावर हा नियम नागम्माकाकूंनीच घालून दिला होता.

तो त्यांच्यावरच उलटवला मी, शाळेतल्या बाईनं.

सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा दिन. तालुक्याहून साहेब येणार म्हणून हेडमास्तर अमृतरावांना ग्रंथदिंडीचा उमाळा आला. पालखीत पुस्तकं, पुढे डोक्यावर नारळाचे कलश घेतलेल्या बायका. नेमका टँकरचाही तोच दिवस. साहेबांपुढे जात्यावरच्या ओव्याही हव्या होत्या, आणि त्या गावात एकट्या नागम्माकाकूंना येत. घरात त्या कानडी बोलत, पण सासूनं शिकवलेल्या ओव्या मराठी. मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. लेक महानंदा देगलूरहून बाळंतपणाला आलेली, त्या दिवशी बाळाची पाचवी. मायलेकरांना न्हाऊ घालायचं होतं आणि रांजणात नुसता गाळ होता.

"बाई, माझी पाळी चवथी हाय," त्या म्हणाल्या. "पाणी येऊ द्या, मग लई गाते."

"टँकर बाराच्या आत येत नाही, काकू. अकराला तुम्ही मोकळ्या."

माझ्या शब्दावर त्या आल्या. पण बाकीच्या बायकांकडे सगळ्या प्लॅस्टिकच्या घागरी, आणि हेडमास्तरांना फोटोत एक तरी तांब्याची हवी होती. तशी गावात एकच उरली होती, नागम्माकाकूंची, रांगेत. मीच ती उचलून आणली आणि तिच्या जागी दगड ठेवला. नारळ आत जाऊ नये म्हणून घागरीत जुने पेपर कोंबले. पाणी कुठून घालणार?

साहेब दीड तास उशिरा आले. ओव्या झाल्या, काकूंच्या खांद्यावर शाल पडली, मग भाषण. मायबोलीच्या गोडव्यावर साहेब रंगात आले असताना टँकरचा हॉर्न वाजला. मागच्या बायका एकेक करून निसटल्या. नागम्माकाकू स्टेजवर होत्या. त्या उठू लागल्या, तर हेडमास्तरांनी डोळे वटारले. मी त्यांना हात धरून बसवलं.

"दगड ठेवलाय मी, काकू."

पारावर पोचलो तेव्हा टँकर रिकामा ठणठणीत झाला होता. पाचव्या पाळीच्या साखराबाई आपला शेवटचा हंडा उचलत होत्या.

"काकू, नियम तुमचाच हाय. घागर हलली, पाळी गेली," त्या म्हणाल्या. "दगडात कसं भरावं?"

नागम्माकाकूंनी नारळासकट घागर उचलली. घरी येऊन त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि घागरीतले पेपर एकेक करून बाहेर काढले.

"ह्यानं पुसू का लेकराला?"

मी शाळेकडे पळत सुटले. साहेबांच्या टेबलावर पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या पाच बाटल्या होत्या. त्या आणून घागरीत रिकाम्या केल्या. जेमतेम तळ झाकला.

"उष्टं हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. ज्या बाईच्या घरात गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी घोटभर पाणी पीत नाही, ती बाई घागरीत बघत राहिली. मग तिनं खांद्यावरची शाल काढून चुलीजवळ अंथरली.

"महानंदा," ती आत बघून म्हणाली, "आण लेकराला."