प्रश्न उद्भवत नाही

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. पण इथे मला टेबल म्हटलेलं कुणाला चालत नाही. राज्याच्या सभागृहात, अध्यक्षांच्या उंच खुर्चीसमोर मधोमध मी उभा आहे, म्हणून मला ‘पटल’ म्हणायचं. नाव मोठं, मानही मोठा, आणि डोकं सध्या भयंकर तापलेलं. म्हाताऱ्यांनी मुलांना गोड गोड गोष्टी सांगाव्यात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे गोड काही उरलेलं नाही, तेव्हा आहे ते ऐका.

मला घडवलं एका तिरसट सुतारानं. लोक त्याला ‘रंधा’ म्हणत, कारण लाकूड काय आणि माणूस काय, तो दोघांनाही सारखंच तासायचा. माझ्यासाठी आणलेली फळी त्यानं तीनदा परत पाठवली. “याच्यावर राज्याचे कागद यायचेत. गाठ असलेलं लाकूड मला दाखवू नका,” असं तो वखारवाल्यावर खेकसला होता. माझे पाय त्यानं हत्तीला पेलतील एवढे जाड केले. मला इथे आणून ठेवलं त्या दिवशी तो कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे टक लावून बघत होता आणि कुणी त्याला बस म्हटलं नाही.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. खोटं कशाला बोलू? माझ्यावर कागद ठेवला की चार हात त्याच्यावर पडायचे. सदस्य तो वाचायचे, भांडायचे, घसा बसेपर्यंत बोलायचे. एका विरोधी पक्षनेत्यानं तर एवढ्या जोरात मूठ आपटली की माझ्या डाव्या कडेला चीर गेली. मला त्या चिरेचा अभिमान वाटायचा. शाळेची मुलं सभागृह बघायला येत, तेव्हा शिपाईकाका त्यांना सांगायचे, “हे पटल बरं का! याच्यावर जो कागद येतो, त्याची दखल सगळ्या राज्याला घ्यावी लागते.” मुलं डोळे मोठे करून माझ्याकडे बघायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मग हळूहळू सगळं बदललं. कागद ठेवायचे, पण उचलायला कुणी येईना. अध्यक्ष म्हणायचे, “अहवाल पटलावर ठेवण्यात आला,” आणि पुढचा विषय घ्यायचे. ‘ठेवला’ म्हणजे ‘झालं’ असा अर्थ कधी रूढ झाला, ते माझ्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी कारकून यायचा, गठ्ठा बांधायचा आणि तळघरात नेऊन टाकायचा. पॉलिश मात्र न चुकता, दर अधिवेशनाआधी! मला तेव्हापासून पॉलिशच्या वासाची शिसारी आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी समितीच्या खोलीचं छत गळायला लागलं आणि याचिका समिती माझ्याभोवती बसू लागली. याचिका समिती म्हणजे काय, तर साध्या माणसानं आपलं गाऱ्हाणं लिहून पाठवायचं आणि सदस्यांनी ते ऐकून घ्यायचं. कागद कसा तयार होतो, ते मला पहिल्यांदाच जवळून बघायला मिळालं. समितीत अकरा सदस्य होते. चार आले की बैठक धरायची, असा नियम. म्हणून नेहमी बरोबर चारच यायचे, पाचवा कधी चुकूनसुद्धा यायचा नाही. समितीप्रमुख सारखे मनगटाकडे बघायचे, म्हणून त्यांना सगळे मागून ‘घड्याळसाहेब’ म्हणत. आणि एक होत्या ‘मास्तरीणबाई’. पूर्वी शाळेत शिकवायच्या, पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. फक्त त्याच कागद घरून वाचून यायच्या.

एके दिवशी समितीपुढे एक सुईण आली. साठीची, काटक, हातात कापडी पिशवी. माझ्या कडेला दोन्ही हात टेकून ती उभी राहिली. अहो, काय हात होते ते! सुतारासारखे कामाचे हात.

“साहेब, आमच्या गावातली निम्मी माणसं माझ्या हातावर जन्मलीत,” ती म्हणाली. “पण काही बाळंतपणं माझ्या हाताबाहेरची असतात, ते मला कळतं. माझी लेक आठव्या महिन्यात आहे. पाय सुजलेत, ब्लडप्रेशर चढतंय. आमच्याकडे सरकारी दवाखाना आहे, खाटा आहेत, औषधं आहेत. डॉक्टर चार वर्षं नाही. शहर तीन तासांवर. तेवढा डॉक्टर द्या. दुसरं काही मागायला मी आलेली नाही.”

घड्याळसाहेबांनी आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. त्यानं फाईल उघडली आणि शांतपणे सांगितलं, “साहेब, तिथलं डॉक्टरांचं पद भरलेलं आहे.”

“भरलेलं आहे?” सुईण म्हणाली. “मग डॉक्टर सांडला कुठे?”

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. घड्याळसाहेब मात्र भडकले. “बाई, ही समिती आहे! इथे असं बोलायचं नसतं!” असं ओरडत ते ताडकन उठले आणि त्यांना घेरीच आली. एकच धावपळ उडाली. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा वाढवला. शिपाईकाकांनी तळमजल्यावरच्या सदस्यांच्या दवाखान्यात फोन केला. मी मोजलंय, मित्रांनो. डॉक्टर दोन मिनिटांत आला.

त्यानं घड्याळसाहेबांच्या दंडाला पट्टा बांधला, ब्लडप्रेशर बघितलं, पाणी प्यायला लावलं आणि मान वर केली. समोर सुईण उभी होती.

“डॉक्टर?” ती म्हणाली. “तुम्ही इथे?”

“मावशी…” त्याचा चेहरा उतरला.

मग सगळं बाहेर आलं. तो तिच्याच गावचा डॉक्टर होता! तिथे त्यानं जेमतेम तीन महिने काम केलं होतं. मग सदस्यांची तब्येत बघायला माणूस हवा म्हणून त्याला इथे आणलं. याला म्हणतात प्रतिनियुक्ती. म्हणजे नाव गावाच्या हजेरीत आणि माणूस इथे. नाव तिथे आहे म्हणून पद भरलेलं, आणि पद भरलेलं म्हणून दुसरा डॉक्टर मिळणार नाही. “मला परत पाठवा म्हणून मी तीनदा अर्ज केला, मावशी. सोडतच नाहीत,” तो खाली बघत म्हणाला. घड्याळसाहेबांचा हात अजून त्या पट्ट्यातच होता.

मास्तरीणबाईंनी माझ्यावर थाप मारली. “शोभतं का हे आपल्याला? आपलं ब्लडप्रेशर मोजायला हिच्या लेकीचा डॉक्टर आणून बसवलाय आपण!”

अहवाल त्याच बैठकीत ठरला. डॉक्टरला पंधरा दिवसांत मूळ गावी परत पाठवावं, अशी शिफारस. घड्याळसाहेबांनी मान खाली घालून सही केली आणि त्या दिवशी मला वाटलं, नाही, या माणसांत अजून काहीतरी शिल्लक आहे. इतका मूर्ख मी कधीच ठरलो नव्हतो.

समितीचा अहवाल सभागृहासमोर आल्याशिवाय पुढे हलत नाही. आणि सभागृहासमोर तो आला अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे पाच आठवड्यांनी. बाकीच्या समित्यांचे मिळून एकतीस अहवाल होते. घड्याळसाहेब उठले, “अध्यक्ष महाराज, आपल्या अनुमतीने मी समितीचा सातवा अहवाल सादर करतो,” म्हणाले आणि खाली बसून शेजाऱ्याशी गप्पा मारू लागले. अध्यक्ष म्हणाले, “अहवाल पटलावर ठेवण्यात आला.” मास्तरीणबाई बोलायला उठल्या, तर अध्यक्षांनी हातानंच त्यांना बसायची खूण केली. वेळ नव्हता म्हणे.

वर प्रेक्षकांच्या सज्जात सुईण बसली होती. मुद्दाम तीन तास प्रवास करून आली होती. तिनं शिपाईकाकांना विचारलं, “झालं का हो आमचं काम?”

“झालं की! पटलावर आलं,” काका म्हणाले. बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिनं वरूनच मला हात जोडले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. अगं बाई, मला कसले हात जोडतेस? खाली ये, तो कागद उचल आणि यांच्या नाकासमोर धर! पण लाकडाला कसला आवाज? संध्याकाळी कारकून आला, त्यानं गठ्ठा बांधला. शिफारशीवर काय केलं ते सांगायला खात्याला तीन महिन्यांची मुदत असते. तिच्या लेकीचे दिवस भरायला तीन आठवडे उरले होते. हा एवढा साधा हिशेब त्या भल्यामोठ्या सभागृहात एकालाही जमला नाही.

नंतर समित्या नव्यानं नेमल्या. घड्याळसाहेब त्यांच्या पक्षाचे मुख्य प्रतोद झाले, म्हणजे सदस्यांना हजर ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं. हसू नका, खरं सांगतोय. मास्तरीणबाईंना पक्षाच्या नेत्यांनी ग्रंथालय समितीत टाकलं. पण त्या हटून बसल्या होत्या. पुढच्या अधिवेशनात त्यांनी प्रश्न विचारला. आणि मंत्र्यांनी माझ्यासमोर उभं राहून, जराही न अडखळता उत्तर वाचलं. ते मला तोंडपाठ आहे.

सदर गावी वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? हे खरे नाही.

असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही.

नसल्यास, विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही.

तेवढ्यात वरच्या सज्जातून तान्ह्या बाळाचा रडण्याचा आवाज आला. सुईण आली होती. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. लहान मुलांना सज्जात सोडत नाहीत, पण शिपाईकाकांना तिला अडवायचा धीर झाला नाही. लेक शहराच्या वाटेवरच दगावली होती. बाळ तेवढं सुईणीच्या हातावर, गाडीत, जन्माला आलं होतं.

“सज्जात शांतता राखा. ते मूल बाहेर न्या,” अध्यक्ष म्हणाले.

सुईण उठली. तिनं बाळाला दोन्ही हातांनी वर धरलं. “उद्भवत नाही म्हणता ना?” ती ओरडली. “हा बघा, उद्भवलाय! आईवाचून उद्भवलाय! सांगा, याला कुठल्या पटलावर ठेवू?”

अख्खं सभागृह मान वर करून बघत होतं. मंत्र्यांच्या हातात कागद तसाच होता. शिपाईकाका तिच्याजवळ गेले, पण त्यांचे हात पुढे होईनात. शेवटी दोन रक्षक आले आणि तिला बाळासकट बाहेर घेऊन गेले. इतक्या वर्षांत या सभागृहात इतक्या झटपट उचललेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मग अध्यक्षांनी घसा खाकरला. “सज्जातून आलेले शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत. पुढचा प्रश्न.” लघुलेखकानं ओळ खोडली. तळघरात जाऊन तुम्ही त्या दिवसाचं कामकाज वाचलंत, तर त्यात सुईण नाही, बाळ नाही, काहीच नाही. आज हे सांगतोय तेव्हाही डॉक्टर तळमजल्यावरच आहे. घड्याळसाहेबांचं ब्लडप्रेशर दिवसातून दोनदा बघतो.

म्हणून मी हे तुम्हाला सांगतोय. त्यांनी खोडलं, ते कुठेतरी राहायला हवं ना? मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणीतरी माझ्याभोवती बसायला येईल. ते म्हणतील, या जुन्या पटलाची काळजी घ्या, याला ओरखडा पडू देऊ नका. त्यांचं ऐकू नका! ओरखडे पडू द्या, मुठी आपटा, पॉलिश उडालं तर उडू द्या. पण माझ्यावरचा कागद त्याच दिवशी उचला, मोठ्यानं वाचा, आणि त्यात ज्या बाईचे दिवस भरत आलेत, तिच्या आईला विचारा, मावशी, किती दिवस राहिले?