सात नंबरची कांब

तारेला टांगलेली सहावी कांब खणखणीत वाजली आणि फुलाबाईने घण दांडा वर करून जमिनीवर उभा ठेवला. सोपानने हातोडी मागे घेतली, डोळे मिटून मान डोलवली आणि ऐटीत निकाल दिला, “ही खरी हाय, सायेब.”

आठल्ये सरांनी वहीत खूण केली. ते पुण्याच्या एका कॉलेजात शिकवत. देशात आता नव्या जातीचं पोलाद तयार होऊ लागलं होतं. ते किती ताण सोसतं, कुठून तडकतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. ऊस गाळायच्या मोडक्या चरकांचे तुकडे गोळा करायला ते सणसरला आले, तेव्हा दत्तोबा बागायतदाराने त्यांना सांगितलं, “अंथुर्ण्याचा आमचा लोहार निस्ता आवाज ऐकून लोखंडाची चीर सांगतो.” प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा होती. कायमची नोकरी, वर राहायला खोली. म्हणून सर आज बारा कांबी घेऊन दत्तोबासोबत थेट सोपानच्या भट्टीवर हजर झाले होते. प्रत्येक कांब त्यांनी आधीच तेलात बुडवून, पुसून, खडूची पूड लावून तपासली होती. चीर असली की आतलं तेल खडूवर उमटतं. कुठली खरी, कुठली खोटी, हे त्यांच्या वहीत होतं.

आणि सोपानच्या कानात काहीच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मुदतीचा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. समोरून कुणी बोललं तर ओठांवरून त्याला कळे. मागून हाक मारली तर तो ढिम्म. गावाला वाटे, कारागीर मोठा, म्हणून जरा ताठा आहे. कान होते ते घण मारणाऱ्या फुलाबाईचे. कांब खरी वाजली की ती घण उभा ठेवी, बद्द वाजली की आडवा टाकी. सोपान तिरक्या नजरेने घणाकडे बघे आणि निकाल देई. नवरा-बायकोचं हे गुपित अकरा वर्षांत भट्टीबाहेर गेलं नव्हतं.

पण पुण्याला घण कोण टाकणार? काल तिने हे विचारलं तेव्हा सोपान म्हणाला होता, “तितं गेल्यावर बघू.” नव्या सदऱ्याची घडी त्याने तीनदा उलगडून पाहिली होती. तिथे बिंग फुटण्यापेक्षा नोकरीच हुकलेली बरी, असं तिला वाटत होतं. घण नुसता उभा ठेवत गेली असती तरी नोकरी हुकली असती. पण खोटं लोखंड खरं म्हणणं तिच्या हाताला जमत नव्हतं.

सातवी कांब वाजली. आवाज गोड होता, पण शेवटी कुठेतरी विझला. फुलाबाईने घण आडवा टाकला.

“खोटी,” सोपान म्हणाला.

सर हसले. वाजवून झालेल्या कांबी सोपानच्या पाठीमागे टांगल्या होत्या; सातवी निरखायला ते उठून तिथे गेले. “सोपानराव, ही तर चांगली आहे. खडूवर एक रेघ उमटली नाही.”

सोपान समोर बघत राहिला.

“सोपानराव? पुन्हा वाजवून बघता का?”

सोपान आठव्या कांबीला तार बांधत होता. दत्तोबा अवघडून खाकरला. फुलाबाईचं तोंड पांढरं पडलं. ते बघून सोपानने गर्रकन मान वळवली, तर सर पाठीशी उभे.

“किती येळ बोलताय तुमी?” त्याने विचारलं.

आता काहीतरी थाप मारील, सावरून घेईल, असं फुलाबाईला वाटलं. खरं तर तिला तेच हवं होतं. सोपानने हातोडी ऐरणीवर ठेवली.

“सायेब, मला ऐकू येत न्हाय. अकरा वरसं झाली. कान हिचं हायेत, मी निस्ता बोलतो.”

दत्तोबा आ वासून बघत राहिला. फुलाबाईला रडू आलं, आणि नवऱ्याचा असा अभिमान वाटला की तिचं तिलाच नवल वाटलं.

सर तिच्याकडे वळले. “बाई, सात नंबर खोटी?”

“व्हय. वरनं न्हाय, आतनं खोटी हाय.”

“कशावरून?”

“तोडून बघा की.”

सरांनी होकारार्थी मान हलवली. सोपानने सांडशीने कांब ऐरणीच्या कडेवर धरली. फुलाबाईने पदर खोचून घण उचलला. पहिल्या घावाला कांब वाकली, तिसऱ्याला तुटली. सरांनी भिंग काढलं. पांढऱ्याशुभ्र पोलादाच्या ऐन मध्यावर तिळाएवढा काळा डाग होता आणि त्यातून केसासारखी बारीक चीर निघालेली होती.

त्यांनी तुटलेला तुकडा उजेडात धरला. मग म्हणाले, “हे माझ्या खडूला दिसलं नसतं.” उरलेल्या पाच कांबी तिने एकटीने ऐकल्या. पाचही बरोबर.

“पण बाई, ती जागा पुरुषाची आहे. कागदावर तसंच लिहिलंय,” सर ओशाळून म्हणाले.

सोपानने मान खाली घातली. पुण्याची खोली गेली, हे त्याच्या खांद्यांवरच दिसत होतं. फुलाबाईने मात्र घाम पुसला आणि स्पष्ट सांगितलं, “मग कागद ऱ्हाऊ द्या तितं. लोखंड हिकडं धाडा. दर पंधरवड्याला यष्टीनं पेटी पाठवा, मी ऐकून सांगते. पर काम फुकट व्हनार न्हाय आन् नाव माजं लागंल.”

सरांनी पेनाचं टोपण उघडलं. “काय लिहू?”

हे सोपानला ओठांवरून कळलं. “फुलाबाई,” तो मोठ्याने म्हणाला. “आदी तिचं लिवा. माजं मागनं.”

सर आणि दत्तोबा गेले. दत्तोबाच्या चरकाचा आस भट्टीत लाल होऊन पडला होता. उद्या तो द्यायचा होता. फुलाबाई सवयीने घणाकडे वळली, तर घण जागेवर नव्हता. तो सोपानच्या हातात होता. लोहाराच्या भट्टीत हातोडी सांगते आणि घण ऐकतो, आणि इतकी वर्षं हातोडी त्याची होती. आज ती ऐरणीवर, मूठ फुलाबाईच्या बाजूला येईल अशी ठेवलेली होती.

फुलाबाईने सांडशीने आस ऐरणीवर घेतला, हातोडी उचलली आणि घाव जिथे हवा होता तिथे हलकेच टकटक केलं. सोपान तिच्या हाताकडे बघत होता. त्याने घण बरोबर तिथेच घातला.